पाचूबंदर : दर्यावरच्या घराची खबर

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून किल्ल्याकडे जाणारी बस किंवा रिक्षा धरली, की रस्ता वसई गावातून थेट किल्ल्याच्या तटाशी येतो. फिरायला आलेली मंडळी बहुधा इथेच थांबतात. पडक्या चर्चच्या कमानीखाली फोटो काढतात, भेळ खातात आणि परततात. पण रस्ता पुढेही जातो. किल्ल्याला लागून खाडीच्या बाजूला किल्लाबंदर आणि समुद्राच्या बाजूला पाचूबंदर अशी कोळ्यांची दोन गावे आहेत. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची. २०२४ पासून भाईंदरहून खाडी ओलांडणारी रो-रो बोटही किल्ल्याजवळच्या जेट्टीला लागते, त्यामुळे मीरा-भाईंदरच्या कुटुंबांना लोकलने न जाताही इथे येता येते.

पाचूबंदरला पाहण्यासारखे काय आहे? तिकीट काढून पाहावे असे काहीच नाही. बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील, बर्फाचे टेम्पो, जाळ्याची भोके सांधत बसलेली माणसे आणि भरतीची वाट पाहणाऱ्या बोटी. मात्र बोटीच्या केबिनच्या टपाकडे जरा लक्ष देऊन पाहिले, तर पंचवीस वर्षांपूर्वी तिथे नसलेल्या वस्तू दिसतात. उंच काठीसारखा अँटेना, मुठीएवढा पांढरा डबा, कुठे एखादी पेटी, आणि त्या सगळ्यांतून केबिनमध्ये उतरणाऱ्या वायरी. या वायरींच्या एका टोकाला समुद्रावर गेलेली माणसे असतात आणि दुसऱ्या टोकाला घरी वाट पाहणारी. हा लेख त्या वायरींविषयी आहे.

दर्यावरचे घर

परदेशात मोटारीतच चूल, बिछाना आणि पाण्याची टाकी बसवून कुटुंबे महिनोन्‌महिने फिरतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरण आणले. चाकांवरच्या त्या घरातही आता गॅस, बॅटरी आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रे असतात, आणि रेंज गेली की तीही गप्प होतात. पण तिथे गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते, जवळचे गॅरेज शोधता येते.

मासेमारीची मोठी बोट हेही असेच चालते-फिरते घर आहे. तांदूळ, पीठ, पाण्याचे पिंप, औषधाची पिशवी आणि खलाशांच्या गोधड्या घेऊन ती निघते आणि कित्येक दिवस परतत नाही. दर्यावर मात्र गाडी उभी करायला रस्त्याची कड नाही. तिथे गप्प झालेले यंत्र बहुतेक वेळा परत येईपर्यंत गप्पच राहते, आणि ते यंत्र बिघडले आहे की बोट संकटात आहे, हे किनाऱ्यावर कुणालाच कळत नाही. खरी अडचण इथे आहे. घरच्यांना छळतो तो हा न उलगडणारा सन्नाटा.

हा प्रश्न एकट्या वसईच्या कोळ्यांचा नाही. रत्नागिरीचा मिरकरवाडा, राजापूर तालुक्यातील साखरी नाटे आणि कोकणातल्या कितीतरी खाड्यांच्या काठी आपलीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यात आहेत. हा अंक तिथल्या घरांतही वाचला जातो, म्हणून पुढचे सगळे जरा सविस्तर सांगत आहे.

सोपाऱ्याच्या वेळेपासून

वसईच्या उत्तरेला नालासोपारा. आज तिथे इमारतींची गर्दी आहे, पण जुने सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणला. दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल-मसऊदी याने चौल आणि ठाण्याबरोबर या बंदराचे नाव ‘सुबारा’ असे नोंदले आहे. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून येणारी गलबते मोसमी वाऱ्याबरोबर इकडे येत आणि वारा फिरला की परत जात.

त्या सफरीच्या खुणा आपल्या बोलीत आजही आहेत. बंदर, दर्या, खलाशी, मोसम आणि खबर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. कोळी बांधव आणि आपण ते सारख्याच सहजतेने वापरतो.

त्या काळी नाखव्याजवळ ‘कमाल’ नावाचे साधन असे. लाकडाची छोटी चौकोनी फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली गाठींची दोरी, एवढेच ते. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची आणि फळीच्या खालच्या कडेला क्षितिज, वरच्या कडेला ध्रुवतारा येतो का ते पाहायचे. त्यावरून आपण उत्तर-दक्षिण किती सरकलो ते समजे. जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या अंधारात तारे वाट दाखवतात, ही अल्लाहची देणगी असल्याचे कुरआनात आले आहे. त्या देणगीचा उपयोग करून घेणारी ही विद्या होती.

पण कमाल फक्त बोटीवरच्या माणसाला सांगे, घरच्यांना काहीच सांगत नसे. गलबत गेले की पुढच्या मोसमापर्यंत घरी फक्त दुआ आणि सब्र. आजच्या यंत्रांकडे पाहताना हाच फरक मनात पक्का ठेवायला हवा. बोटीवरचे कोणते यंत्र फक्त बोटीला सांगते आणि कोणते किनाऱ्याला सांगते?

टपावर काय काय असते

जीपीएस पहिल्या प्रकारचे आहे, म्हणजे आजचा कमाल. ते उपग्रहांचे संकेत फक्त घेते, पाठवत काहीच नाही. ‘बोटीला जीपीएस आहे, म्हणजे बोट कुठे आहे ते कुणालातरी दिसत असेल’ अशी अनेक घरांत समजूत असते. ती चुकीची आहे. जीपीएस तांडेलाला वाट दाखवते, एवढेच.

मोबाइल किनाऱ्यालगत चालतो. साध्या जीएसएम यंत्रणेत टॉवरपासून ३५ किलोमीटर ही तंत्राचीच मर्यादा आहे. प्रत्यक्षात पृथ्वीचा गोलावा आणि टॉवरची उंची यांमुळे रेंज त्याआधीच जाते. मोठ्या बोटी जिथे जाळे टाकतात तिथे फोन म्हणजे नुसते घड्याळ.

व्हीएचएफ वायरलेस बोटीहून बोटीशी बोलायला. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून चार मीटर उंच असतील, तर साधारण १६ किलोमीटरपर्यंत बोलता येते. दोन्हीकडे ही उंची नऊ मीटर केली, तर पल्ला २४-२५ किलोमीटर होतो. म्हणून महागड्या सेटपेक्षा उंच अँटेना जास्त उपयोगी. १६ क्रमांकाचे चॅनल संकटाच्या हाकेसाठी राखलेले असते, त्यावर गप्पा मारू नयेत.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे यांच्याही पुढची. इस्रोने तयार केलेले ‘डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर’ २०१० पासून वापरात आहे. संकटात बटण दाबले की बोटीचे ठिकाण तटरक्षक दलाच्या केंद्राला कळते. त्याची पहिली आवृत्ती एकतर्फी होती, म्हणजे हाक गेली की नाही हे बोटीवर समजत नसे. नव्या आवृत्तीत हाक पोहोचल्याची पोचही मिळते. बुडण्याच्या भीतीत असलेल्या माणसाला ‘तुमची हाक ऐकू आली आहे’ एवढे चार शब्द काय देतात, ते वेगळे सांगायला नको.

याच्या पुढचा टप्पा ट्रान्सपॉन्डरचा. त्याची देशव्यापी सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेचा आरंभ झाला. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख बोटींवर टप्प्याटप्प्याने हे यंत्र बसवायचे आहे. त्याच समारंभात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला इथल्या मच्छीमारांचा तीव्र विरोध आहे, त्यामुळे त्या दिवसाबद्दल किनाऱ्यावर लोक एकाच भावनेने बोलत नाहीत. यंत्र मात्र कामाचे आहे. मोबाइल त्याला ब्लूटूथने जोडला की रेंज नसतानाही उपग्रहामार्फत छोटे निरोप जातात आणि येतात, वादळाचा इशारा पोहोचतो, सागरी सरहद्द जवळ आल्याचे समजते.

गप्प होण्याची कारणे

यंत्र गप्प झाले की लोक वर आकाशाकडे बोट दाखवतात आणि ‘सॅटेलाइट गेला’ म्हणतात. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह क्वचितच जातो. दोष बहुधा शेवटच्या वीतभर वायरीत असतो. तो शोधायचा क्रम ठरलेला असावा.

सर्वांत आधी वीज. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बारावर आली, म्हणजे ती बरीच रिकामी झाली. पण मापन बॅटरीवर करून भागत नाही. मीटरची टोके यंत्राच्या मागच्या वायरींना लावा, यंत्र चालू ठेवा आणि मग आकडा वाचा. बॅटरीवर साडेबारा आणि यंत्रापाशी अकरा असेल, तर मधली वायर बारीक आहे, लांब आहे किंवा कुठेतरी सैल आहे. इंजिनाला सेल्फ मारताना यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर त्याला वेगळी बॅटरी द्यावी.

दुसरा शत्रू मीठ. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. वरून वायर जोडलेली दिसते, पण आत वीज वाहत नाही. टोके काढून पॉलिश पेपरने घासावीत, घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय जमिनीवर एखादे वेळी चालून जाते, दर्यावर नाही.

तिसरे, अँटेना. उपग्रहाच्या यंत्राला उघडे आकाश लागते, आणि आपल्या देशातून हे स्थिर उपग्रह नेहमी दक्षिणेच्या आकाशात असतात. डब्यावर ओली ताडपत्री, जाळ्याचा ढीग किंवा वर पत्रा असेल, तर त्याला दिसणार काय? व्हीएचएफच्या केबलमध्ये टपावरच्या जोडातून पाणी शिरते. सेट चालू दिसतो, पण आवाज दोन बोटींपलीकडे जात नाही.

चौथे कारण फार थोड्यांना माहीत असते. स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर कधीकधी रेडिओच्या लहरींत गोंगाट निर्माण करतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाच काढली होती. तपासणी अगदी सोपी आहे. वायरलेस एखाद्या शांत चॅनलवर लावा, खरखर जेमतेम थांबेल इतके स्क्वेल्च फिरवा आणि मग एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याबरोबर खरखर सुरू होते, तो दिवा बदला.

पाचवे, मोबाइल आणि यंत्र यांची जोडी. ब्लूटूथ बंद असणे, यंत्र आधीच दुसऱ्या खलाशाच्या फोनशी जोडलेले असणे, ॲपला लोकेशनची परवानगी नसणे किंवा फोनच चार्ज नसणे. या चार गोष्टी पाहायला पाच मिनिटे पुरतात.

शेवटचे कारण वायरीत सापडत नाही, ते कागदावर असते. बोट विकली, नाव बदलले, मालकाचा मोबाइल नंबर बदलला, पण यंत्राच्या नोंदीत जुनेच सगळे राहिले. संकटाची हाक व्यवस्थित पोहोचते आणि केंद्रातला माणूस फोन लावतो तो भलत्याच घरी. शोधकार्यातले मोलाचे तास असे वाया जातात.

ही सगळी तपासणी बंदरात असतानाच करायची असते. निघण्यापूर्वी धक्क्यावरून घरी एक साधा निरोप पाठवून तो पोहोचल्याची खात्री करावी. मात्र चाचणी म्हणून संकटाचे बटण कधीही दाबू नये. चुकून दाबले गेले, तर लगेच तटरक्षक दलाला कळवावे, कारण त्याच वेळी दुसरीकडे कुणीतरी खरोखर मदतीची वाट पाहत असू शकते.

पाळत की राखण?

काही तांडेल यंत्र मुद्दाम बंद ठेवतात, हेही खरे. मासळीची आपली जागा इतरांना कळेल अशी भीती असते, चुकीच्या हद्दीत गेल्यास दंड होईल ही धास्तीही असते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी ‘कुबेर’ ही भारतीय बोट पळवून वापरली. तेव्हापासून मच्छीमारांची ओळखपत्रे, नोंदणी आणि तपासणी वाढली, आणि प्रामाणिक माणसालाही आपल्यावर पाळत असल्यासारखे वाटू लागले. ही भावना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपली माहिती कुणाच्या हाती जाते, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

पण दुसरी बाजूही पाहावी. २०१७ मध्ये ओखी वादळ आले, तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या अनेक बोटी खोल समुद्रात होत्या. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यांतले शेकडो मच्छीमार वाऱ्यापुढे पळत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. ही खबर पोहोचेपर्यंत घरचे लोक मात्र धीर सोडून बसले होते. माणूस जिवंत असूनही घरी मातम, तोही केवळ खबर नाही म्हणून.

आपल्या पालघर जिल्ह्यातही असे सोसलेली घरे आहेत. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट सरहद्दीपाशी पकडली गेली, तर ते कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला देतात. त्या झोपड्यांतल्या आयांसाठी खबर म्हणजे ती यादी. सरहद्द जवळ आल्याचे वेळेवर सांगणारा डबा त्यांच्यासाठी पाळत नाही, राखण आहे.

घरात काय असावे

बोटीवरची यंत्रे जितकी महत्त्वाची, तितकीच घरातली तयारी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक, बरोबर गेलेल्यांची नावे, यंत्राचा क्रमांक, सोबत जाणाऱ्या एका बोटीच्या मालकाचा फोन आणि मच्छीमार सोसायटीचा फोन लिहावा. त्याखाली मोठ्या अक्षरांत दोन क्रमांक लिहावेत : तटरक्षक दल १५५४ आणि सागरी पोलीस १०९३. हा कागद घरातल्या मोठ्या मुलीलाही वाचून दाखवावा. अशा वेळी घरातले पुरुष बहुधा समुद्रावरच असतात.

निरोपाची वेळही ठरवून घ्यावी. मगरिबच्या नमाजनंतर एक निरोप, हे लक्षात ठेवायला सोपे. काही सांगण्यासारखे नसले तरी ‘खैरियत आहे’ एवढे तरी पाठवावे. रोज ठरल्या वेळी निरोप येत असेल, तरच न आलेल्या निरोपाला अर्थ राहतो. कधीही येणारा, कधीही न येणारा निरोप घरच्यांना काहीच सांगत नाही.

निरोप चुकला तर काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे. पहिल्यांदा सोबतच्या बोटीला विचारावे. तिच्याकडून ‘बोट दिसते आहे, यंत्रच बंद आहे’ असे कळले, तर काळजी मिटली. तिच्याकडूनही उत्तर नाही आणि ठरलेली मुदत उलटली, तर सोसायटीला आणि तटरक्षक दलाला कळवायला संकोच करू नये. ‘उगाच लोकांना त्रास कशाला’ या विचारात बायामाणसे रात्र काढतात. तशी रात्र काढू नये.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. वायर घासून घट्ट आवळणे हे आजचे उंट बांधणेच आहे. बोटीच्या मालकावर तर ही दुहेरी जबाबदारी. त्याच्या बोटीवर गेलेला प्रत्येक खलाशी ही कुणाच्यातरी घरची अमानत असते.

वसईहून किब्ला साधारण पश्चिमेलाच, म्हणजे बोटी जातात त्याच दिशेला. पाचूबंदरला संध्याकाळी जाणे झाले, तर नमाजची सोय वसई गावात आधी करून घ्यावी आणि मग भरतीच्या वेळी धक्क्यावर यावे. बोटी निघताना पाहण्यासारख्या असतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आलात, तर बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील, रंगकाम आणि इंजिनाची कामे चालू असतील. टपावरच्या वायरी उघडून पाहायचा मोसमही तोच. पुन्हा दर्यावर जाईपर्यंत हाताशी दोन महिने असतात, आणि सुटलेला एक स्क्रू आवळायला दोन मिनिटे लागतात.